आकडा तोच, माप वेगळं



या सदरात मी औषधपाण्याविषयी लिहिते. या वेळी थोडं गाडीच्या औषधपाण्याविषयी सांगणार आहे. आजीआजोबांनो, पान उलटू नका, शेवटी आपल्या फ्रिजमधल्या इन्शुलिनपर्यंत यायचं आहे. आणि मुलांनो, तुमच्यासाठी यात एक गमतीदार इंजिन आहे.

माझ्याबरोबर मुंबईत नर्सिंग शिकलेल्या मैत्रिणीचा मुलगा कतारमध्ये नोकरीला आहे. दोह्याच्या उत्तरेला उम्म सलाल मोहम्मद नावाचं गाव आहे, जुना किल्ला आणि बर्झानचे उंच टेहळणी बुरूज असलेलं, तिथे तो राहतो. त्याने हौसेने एक जुनी माझदा आरएक्स-८ घेतली. गाडी मूळची अमेरिकेत विकलेली, सोबतची पुस्तिकाही अमेरिकन. पण गाडीला जोर नव्हता. कुणीतरी सांगितलं, पेट्रोलमध्ये ऑक्टेन बूस्टर घाल. झालं, दर टाकीला एक बाटली सुरू! मग एक दिवस बाटलीचा फोटो मला पाठवून विचारतो, "मावशी, बाटलीवरचं बारीक अक्षर तू नीट वाचतेस. हे औषध बरोबर आहे का?"

आमचे हे बसच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. इंजिनाचं बोलणं आमच्याकडे जेवणाबरोबर चालायचं, त्यामुळे मला अगदीच परकं नाही.

आधी हे इंजिन काय ते पाहू. नेहमीच्या गाडीत पिस्टन वरखाली होतात. या गाडीत पिस्टनच नाहीत. पुरिमला आपण तीन कोपऱ्यांचे ओझने हामान खातो ना, तशाच फुगीर बाजूंचा एक लोखंडी त्रिकोण इंग्रजी आठच्या आकाराच्या पेटीत गरगर फिरतो. त्याला रोटर म्हणतात. त्याच्या तिन्ही टोकांना बारीक पट्ट्या असतात, त्या पेटीच्या भिंतीला घासत जातात आणि वायू पलीकडे निसटू देत नाहीत. इंजिनाचा सारा जीव त्या पट्ट्यांत.

हे इंजिन फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाच्या कल्पनेतून आलं. एनएसयू कंपनीत १९५७ साली ते पहिल्यांदा चाललं. वांकेल तरुणपणी नाझी पक्षात होता, हेही सांगून टाकते, कारण आपल्यापैकी कुणीतरी विचारणारच. पुढे जपानच्या माझदाने १९६७ पासून या इंजिनाच्या गाड्या विकल्या. आरएक्स-८ ही २००३ ते २०१२ या काळातली.

आता ऑक्टेन. इंजिनात पेट्रोल आणि हवा दाबली जाते. प्लगच्या ठिणगीची ज्योत पोहोचेपर्यंत त्या मिश्रणाने दम धरायला हवा. आधीच पेटलं तर आत ठोके बसतात, त्याला नॉकिंग म्हणतात. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा हा धीर. आकडा जितका मोठा तितका धीर जास्त. पण इंजिनाला गरजच नसेल तर जास्तीचा धीर विकत घेऊन गाडी जोरात पळत नाही. व्हिटॅमिनच्या दोन गोळ्या जादा घेतल्या म्हणून म्हातारी माणसं धावायला लागत नाहीत, तसंच.

टर्बो नसलेलं रोटरी इंजिन या बाबतीत बरंच सोशिक असतं. टर्बो असलेल्या आरएक्स-७ चं तसं नाही. तिथे हलकं पेट्रोल घातलं आणि ठोके बसले तर टोकाची पट्टी तुटू शकते, मग सगळं इंजिन उघडावं लागतं.

आपल्या पोराचं घोडं अडलं ते एका शब्दावर. अमेरिकन पुस्तिकेत लिहिलंय, प्रीमियम पेट्रोल, ९१. कतारमध्ये पंपावर दोन पेट्रोलं मिळतात, प्रीमियम ९१ आणि सुपर ९५. त्याने पुस्तिका वाचली, पंप वाचला, शब्द जुळला, आकडा जुळला, आणि टाकी भरली. यात त्या बिचाऱ्याची काय चूक?

पण ही दोन ९१ सारखी नाहीत. ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत, एक सौम्य आणि एक कडक. कतार, भारत आणि आपल्या इस्राएलमध्येही सौम्य पद्धतीचा आकडा पंपावर लिहितात, त्याला आर.ओ.एन. म्हणतात. अमेरिकेत दोन्ही आकड्यांची सरासरी लिहितात, म्हणून तिथला आकडा चार-पाचाने लहान दिसतो. अमेरिकेतलं ९१ म्हणजे आपल्या मापात साधारण ९५-९६. त्याला हवं होतं ते सुपर, आणि तो भरत होता प्रीमियम! कतारमध्ये प्रीमियम हे नाव हलक्या पेट्रोलचं आहे. दोन्हींच्या भावात लिटरमागे काही दिरहमांचा फरक, आणि हा मुलगा महागड्या बाटल्या आणत होता.

तसं पुस्तिकेप्रमाणे हलकं पेट्रोलही चालतं, जोर थोडा कमी मिळतो इतकंच. पण कतारच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. हवा तापली की नॉकिंगचा धोका वाढतो. तिथे ९५ च बरं.

बाटलीचीही तीच गत. वर ठळक लिहिलेलं असतं, इतके पॉइंट वाढवते. ऑक्टेन बूस्टरच्या भाषेत दहा पॉइंट म्हणजे पुष्कळदा फक्त एक ऑक्टेन. तीस पॉइंट वाचून ९१ चे १२१ झाले असं समजू नये, फार तर ९४ होतील. शिवाय काही बूस्टरमध्ये मँगॅनीज असतं, त्याचा तांबूस थर प्लगवर बसतो. पूर्वी याच कामासाठी पेट्रोलमध्ये शिसं घालत. त्या धुरातल्या शिशाने लहान मुलांच्या मेंदूला इजा होते हे कळूनही ते थांबायला फार वर्षं गेली. भारतात ते २००० साली बंद झालं, आणि जगात अगदी शेवटी अल्जीरियात, २०२१ साली.

या इंजिनाला खरी तहान असते ती तेलाची. त्या घासणाऱ्या पट्ट्यांना वंगण मिळावं म्हणून छोटा पंप इंजिन ऑइल थोडं थोडं आत सोडतो आणि ते पेट्रोलबरोबर जळतं. म्हणजे तेल कमी होणं हा इथे रोग नाही, पण न बघणं हा मात्र आहे. दर दुसऱ्या टाकीला पट्टी काढून तेल बघावं. काही मालक पेट्रोलमध्ये टू-टी ऑइलही थोडं मिसळतात. मुंबईत स्कूटर आणि रिक्षाला पंपावर घालायचे तेच, आठवतंय ना, मागून निळा धूर सोडणारं? ते जळण्यासाठीच बनवलेलं असतं. पण हात राखून घालावं, जास्त झालं तर धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर खराब होतो. आणि गाडी चालू करून दोन हात पुढे घेऊन लगेच बंद करू नये, थंड इंजिनात पेट्रोल साचतं आणि ती पुन्हा सुरूच होत नाही.

मुलाने बाटल्या थांबवल्या, सुपर भरलं. थोडा फरक पडला, पूर्ण नाही. तेव्हा मी म्हटलं, बाबा रे, ताप उतरवायचं औषध पुरे, आता ताप कशाचा ते बघ. रोटरीचं कॉम्प्रेशन मोजायचं वेगळं यंत्र असतं, ते असलेल्या गॅरेजात गाडी नेली. कॉम्प्रेशन ठीक निघालं, ठिणगी देणाऱ्या कॉइल मात्र थकलेल्या. त्या बदलल्या आणि गाडी सुधारली.

आता आपलं इन्शुलिन. भारतातल्या कुप्या पुष्कळदा ४० युनिटच्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरला ४० युनिट, आणि सिरिंजही त्याच मापाची. इस्राएलमध्ये कुप्या आणि सिरिंज १०० युनिटच्या. भारतातली ४० ची सिरिंज घेऊन इथल्या कुपीतलं औषध खुणेप्रमाणे ओढलंत तर अडीच पट डोस जाईल आणि साखर इतकी खाली येईल की जीवावर बेतेल. उलट केलंत तर डोस अपुरा पडेल. खुणेवरचा आकडा दोन्हीकडे तोच दिसतो.

म्हणून कुपी आणि सिरिंज यांवरचं ४० की १०० जुळतंय का ते आज बघा. डोळ्यांना दिसत नसेल तर नातवंडांकडून वाचून घ्या. आणि नातवंडांनो, आजीने हाक मारली की फोन खाली ठेवून या.

पुढच्या अंकात भेटू.