टाच टेकता टेकेना!

गेल्या महिन्यात लॅपटॉप, डेडलाइन्स सगळं बासनात गुंडाळून चार दिवस परभणीला घरी गेले. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि... आई गं! टाचेत कुणी खिळा ठोकावा तशी कळ. भिंत धरत मोरीपर्यंत गेले. गंमत म्हणजे चहा होईपर्यंत दुखणं गायब!

"लंगडायलीस कामून?" आईनं विचारलं. सांगितलं, तर गॅसकडे बघतच म्हणाली, "मला तर दोन वर्षं झाली की."

दोन वर्षं! आणि आम्ही रोज फोनवर बोलतो.

मग दोघी हाडांच्या डॉक्टरांकडे. दुखण्याचं नाव प्लांटर फॅशिआयटिस. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक चिवट पट्टा असतो. धनुष्याच्या दोरीसारखा तो पायाची कमान धरून ठेवतो. सतत ताण पडला की टाचेपाशी झिजतो. झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला अख्ख्या शरीराचं वजन घेऊन एकदम ताणला जातो. थोडं चाललं की सैल. म्हणूनच तर आई गप्प बसली ना! दहा मिनिटांत थांबणाऱ्या दुखण्याची तक्रार काय करायची?

खरं कारण रिक्षात कळलं. शेगावची गजानन महाराजांची पालखी आषाढीला पंढरपूरला जाताना परभणीवरून दैठण्यामार्गे गंगाखेडला जाते. हे साधारण 40 किलोमीटर तिला एकदा तरी पायी जायचंय. डॉक्टर "चालू नका" म्हणतील, ही धास्ती.

एक्स-रेत तिच्या टाचेचं हाड वाढलेलं दिसलं. "ऑपरेशन?" तिचा चेहरा पडला. पण असं वाढलेलं हाड न दुखणाऱ्या टाचांतही सापडतं. ऑपरेशनची वेळ फार थोड्यांवर येते.

माझा गुन्हेगार लगेच सापडला: पातळ तळाच्या फॅशनेबल चपला आणि एकदम सुरू केलेलं जॉगिंग. आईचा? शहाबादी फरशी! दिवसभर अनवाणी, ओट्यापाशी तासन् तास उभं. "घरात चपला घाला," डॉक्टर म्हणाले आणि आईनं असं पाहिलं, की मीच ओशाळले. घरात देवघर आहे ना! शेवटी तह झाला. मऊ, जाड तळाचा नवा जोड, फक्त घरात वापरायचा आणि देवघराच्या उंबऱ्याबाहेर काढायचा.

व्यायाम मात्र फुकट. पलंगावरून उतरण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या, बोटं हातानं नडगीकडे ओढा, दहा आकडे मोजा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. नुसती पोटरी ताणण्यापेक्षा यानं जास्त आराम पडतो, असं 2003 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं होतं. तरी भिंतीला हात टेकून पोटरीही ताणाच. संध्याकाळी बर्फ झालेली पाण्याची बाटली टॉवेलवर ठेवून तळव्याखाली फिरवायची. मला हे भलतंच आवडलंय.

आजीच्या काळचा तापवलेली वीट आणि रुईचं पान हा शेक? ऊब बरी वाटते. पण मधुमेहानं पाय बधिर झाले असतील तर अजिबात नको. भाजलेलं कळतसुद्धा नाही. इंजेक्शनचा आराम बहुधा काही आठवड्यांचा, शिवाय पट्टा तुटण्याची थोडी भीती. तेव्हा घाई नको.

आणि हो, रात्री झोपेतही दुखत असेल, मुंग्या येत असतील, सूज किंवा ताप असेल, किंवा ऐन तरुणपणी दोन्ही टाचांसोबत सकाळी कंबरही आखडत असेल, तर हे दुखणं वेगळं असू शकतं. डॉक्टर गाठा.

बाकी बहुतेकांना बरं वाटतं, पण काही महिने लागतात. कधी वर्षही. पालखीचं विचारलं तेव्हा डॉक्टर "नाही" म्हणाले नाहीत. सकाळची कळ कमी झाली, की रोजचं चालणं थोडं थोडं वाढवायचं आणि वाटेत अनवाणी चालायचं नाही, एवढीच अट. आई रिक्षात एकदम गप्प.

परवा तिचा फोन आला. चपला अगदी मापात आहेत म्हणे. फक्त बाबा त्या घालून भाजी आणायला गेलेत.