लोक सान्त की अनंत?

श्रावस्ती नगरीत स्कंदक नावाचा एक परिव्राजक राहत असे. वेदादी शास्त्रांचा तो जाणकार होता आणि लोकांत त्याचा मान मोठा होता. एके दिवशी पिंगलक नावाच्या निर्ग्रंथाने त्याला पाच प्रश्न विचारले. लोक सान्त आहे की अनंत? जीव सान्त की अनंत? सिद्धी आणि सिद्ध यांच्याविषयीही हाच प्रश्न होता. पाचवा प्रश्न वेगळा : कोणत्या मरणाने जीवाचा संसार वाढतो आणि कोणत्या मरणाने घटतो? पिंगलकाने हे पुन्हा पुन्हा विचारले आणि स्कंदक प्रत्येक वेळी निरुत्तर राहिला. भगवतीसूत्राच्या दुसऱ्या शतकात ही कथा येते. आपल्याला उत्तर येत नाही हे ओळखून तो पंडित स्वतः उठला आणि कृतंगला नगरीबाहेर विराजमान असलेल्या भगवान महावीरांकडे निघाला. तो अन्य मताचा असूनही गणधर गौतम त्याच्या स्वागताला सामोरे गेले, ही गोष्टही आगमाने नोंदवून ठेवली आहे.

भगवंतांनी पहिल्या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर दिले नाही. द्रव्याच्या दृष्टीने लोक एक आहे, म्हणून सान्त. क्षेत्राच्या दृष्टीने त्याची लांबी, रुंदी व परिघ असंख्यात कोटाकोटी योजने आहे, तरीही तो सान्तच. काळाच्या दृष्टीने तो कधी नव्हता असे नाही आणि कधी नसेल असेही नाही, म्हणून अनंत. भावाच्या दृष्टीने त्यातील वर्ण, गंध, रस, स्पर्श यांचे पर्याय अनंत, म्हणून अनंत. प्रश्न एक, पण तो कोणत्या मापाने विचारला आहे हे आधी ठरवावे लागते. त्याच काळातील बौद्ध परंपरेने हा प्रश्न अव्याकृत, म्हणजे उत्तर न देण्याजोगा मानून बाजूला ठेवला. दुःखमुक्तीशी त्याचा संबंध नाही, अशी तिची भूमिका होती. तीही प्रामाणिक भूमिका आहे. जैन परंपरेने मात्र उत्तर दिले आणि उत्तर दिले म्हणजे मोजमापाची जबाबदारीही अंगावर घेतली.

ती जबाबदारी आचार्यांनी किती गांभीर्याने पार पाडली, हे पाहण्यासारखे आहे. लोकाची उंची 14 रज्जू सांगितली आहे. दिगंबर परंपरेनुसार त्याची पूर्व-पश्चिम रुंदी तळाशी 7 रज्जू, मध्यलोकापाशी 1, ब्रह्मलोकाजवळ 5 आणि माथ्याशी पुन्हा 1 आहे. दक्षिणोत्तर जाडी सर्वत्र 7. आता बेरीज करावी. अधोलोकाची सरासरी रुंदी 4, उंची 7, जाडी 7 : घनफळ 196. ऊर्ध्वलोकाची सरासरी रुंदी 3, उंची व जाडी तीच : 147. एकूण 343, म्हणजे बरोबर 7 चा घन. कागद-पेन्सिल घेऊन आठवीतील मुलालाही हा ताळा पाहता येईल.

धवला टीकेचे कर्ते आचार्य वीरसेन यांच्यापुढे याविषयी एक पेच होता. लोक सर्व बाजूंनी गोल, मृदंगासारखा आहे, असेही एक मत प्रचलित होते. वीरसेनांनी ते मत केवळ परंपरेच्या बळावर नाकारले नाही. त्यांनी गोल आकाराचे तुकडे कल्पिले, त्यांचे घनफळ काढले आणि ते सुमारे 164 घनरज्जू भरते असे दाखवले. आगमात सांगितलेल्या 343 शी ते जुळत नाही, म्हणून तो आकार त्यांनी सोडला. श्वेतांबर परंपरेतील आकाराचे वर्णन निराळे आहे आणि त्या वादाचा निर्णय येथे करावयाचा नाही. लक्षात घ्यायची ती रीत : विश्वाच्या आकाराविषयीचा दावा बेरजेला उतरला पाहिजे, ही नवव्या शतकाच्या आरंभीच्या एका मुनीची अट होती. मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतके राहिलेला हा ग्रंथ डॉ. हीरालाल जैन यांनी संपादित करून अमरावतीहून 1939 पासून प्रकाशात आणला, ही महाराष्ट्राने अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे.

लोक सान्त असेल तर त्याच्या कडेपलीकडे काय, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. ग्रीक तत्त्वज्ञ आर्किटास याने तो असा मांडला होता : विश्वाच्या कडेवर उभे राहून हात किंवा काठी पुढे केली तर ती बाहेर जाईल की नाही? गेली, तर पलीकडे जागा आहे. न गेली, तर अडवणारे काहीतरी आहे. दोन्ही बाजूंनी कड पुढे सरकते आणि विश्व अनंत ठरते. हा युक्तिवाद पाश्चात्त्य विचारात दीर्घकाळ टिकला. नवल असे, की भगवतीसूत्राच्या सोळाव्या शतकात जवळजवळ हाच प्रश्न आहे. लोकाच्या अंती उभा असलेला महर्द्धिक देव अलोकात आपला हात पसरू शकेल काय? उत्तर : नाही, कारण अलोकात जीव नाहीत, पुद्गल नाहीत. पुढील दार्शनिकांनी कारण अधिक स्पष्ट केले. गतीला साहाय्य करणारे धर्मास्तिकाय लोकापुरतेच आहे. म्हणजे हाताला कोणतीही भिंत अडवत नाही, तरी हात पुढे जात नाही. जागा आहे, ती अनंत आहे, पण तेथे जाणे नाही. आर्किटासच्या दोन पर्यायांत न बसणारे हे तिसरे उत्तर आहे.

जागेसंबंधी दोन वेगळे शब्द वापरण्याची शिस्तही येथे दिसते. लोकाकाशाचे प्रदेश असंख्यात, संपूर्ण आकाशाचे अनंत. बोलताना आपण समुद्रकाठच्या वाळूलाही अनंत म्हणतो, शासकीय खात्यांच्या विलंबालाही अनंत म्हणतो. आगमाला ही सैल भाषा चालत नाही. संख्यात, असंख्यात व अनंत असे तीन वर्ग आणि त्यांचे एकूण 21 भेद सांगितले आहेत. संख्यात कोठे संपते हे दाखविण्यासाठी जंबुद्वीपाएवढ्या, म्हणजे एक लाख योजने व्यासाच्या आणि हजार योजने खोल पल्याची कल्पना केली आहे. तो मोहऱ्यांनी शिगोशीग भरायचा, एकेक दाणा एकेका द्वीपावर व समुद्रात टाकीत जायचे, आणि जेथे दाणे संपतील तेवढा नवा पल्य घेऊन पुन्हा तेच करायचे. एवढा खटाटोप करून हाती येते ती अनंताची नव्हे, फक्त असंख्यातची पहिली पायरी.

आजच्या खगोलशास्त्राला नेमका हाच भेद उपयोगी पडतो. विश्वाच्या प्रसरणाचे वय सुमारे 13.8 अब्ज वर्षे आहे. मधल्या काळात अवकाश ताणले गेल्यामुळे, ज्या प्रदेशाचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचू शकला त्याची त्रिज्या आज सुमारे 46 अब्ज प्रकाशवर्षे भरते. हे दृश्य विश्व सान्त आहे. पण त्याची सीमा ही विश्वाची भिंत नव्हे. समुद्रावरील क्षितिजासारखी ती पाहणाऱ्याची मर्यादा आहे. पलीकडे किती आहे, हे थेट पाहता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ अवकाशाची वक्रता मोजतात. पृथ्वीगोलावर प्रचंड त्रिकोण आखला तर त्याच्या कोनांची बेरीज 180 अंशांहून अधिक येते आणि त्यावरून जमीन गोल असल्याचे घरबसल्या कळते. तसाच त्रिकोण आकाशात, विश्वाच्या बाल्यावस्थेतील सूक्ष्मतरंग प्रारणाच्या ठिपक्यांवरून आखता येतो. 2009 मध्ये सोडलेल्या प्लांक उपग्रहाच्या मोजणीला दीर्घिकांच्या मोजणीची जोड दिली, तेव्हा वक्रता शून्याशी जुळली. चुकीला वाव हजारात सुमारे दोन.

वक्रता शून्य, म्हणजे विश्व अनंत, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते घाईचे आहे. जुन्या हिशेबाच्या तळाशी ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असे लिहीत. येथे तेवढी चूकभूलच निर्णायक ठरते. त्या हजारात दोनच्या फटीत एक अतिप्रचंड, पण सान्त विश्व सहज मावते. शिवाय वक्रता तंतोतंत शून्य असली, तरी अवकाश स्वतःवरच जोडलेले असू शकते : पूर्वेला निघालेला प्रकाश पश्चिमेकडून परत यावा, अशी रचना. तसे असल्यास त्या प्रारणात, आकाशाच्या वेगवेगळ्या भागांत, एकसारखी वर्तुळे दिसावीत. ती शोधली गेली. अद्याप सापडलेली नाहीत. उद्या सापडली, तर विश्व सान्त असल्याचा पुरावा मिळेल. मात्र अनंत असल्याचा पुरावा कोणत्याही मोजणीतून मिळणार नाही. मोजणी कितीही वाढवली तरी हाती येईल ते ‘याहून मोठे’ एवढेच, पल्यातील मोहऱ्यांप्रमाणे.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. दृश्य विश्व म्हणजे लोक आणि पलीकडचे ते अलोक, अशी जोडी लावून विज्ञानाने आगम सिद्ध केला, असे व्यासपीठावरून सांगितले जाते. ही जोडी चुकीची आहे. अलोकात आकाशाखेरीज काहीच नाही, तर क्षितिजापलीकडे येथल्यासारख्याच दीर्घिका असाव्यात असे शास्त्रज्ञ मानतात. रज्जूचे प्रकाशवर्षांत रूपांतर करण्याचा अट्टहासही तसाच. विसाव्या शतकात काही अभ्यासकांनी धर्मास्तिकायाची तुलना ईथरशी केली. पण 1905 मध्येच आइन्स्टाइन यांनी ईथरची गरज नसल्याचे दाखवले होते. आगमाला उसन्या आधाराची गरज नव्हती. आधार उसना घेतला आणि तोच निसटला.

पाठशाळेत चौदा रज्जू शिकणारे मूल त्याच आठवड्यात शाळेत प्रकाशवर्षे शिकते आणि घरी येऊन विचारते, खरे कोणते? त्याला गप्प करणे सोपे, दोन्ही एकच आहे असे सांगणे त्याहून सोपे. त्याऐवजी 343 ची बेरीज त्याच्याकडून करून घ्यावी, हजारात दोनची फट त्याला दाखवावी, आणि प्रत्येक उत्तर कोणत्या मापाने दिले आहे ते सांगावे. पुढचे प्रश्न ते स्वतः विचारील, आणि काहींपुढे पालकही निरुत्तर होतील.

स्कंदकही तसाच निरुत्तर होऊन निघाला होता. लोकाविषयी समाधान झाल्यावर त्याने उरलेल्या प्रश्नांची उत्तरे ऐकली. पाचव्याचे, बालमरण आणि पंडितमरण यांचे, उत्तर सर्वांत दीर्घ होते. मग त्याने दीक्षा घेतली, अकरा अंगांचे अध्ययन केले, कठोर तप केले आणि विपुल पर्वतावर संलेखनापूर्वक देह ठेवला.