ग्रहण पाहावे, पण डोळसपणे

सूर्यग्रहणाच्या दिवशी आपल्या समाजात दोन टोकांच्या वृत्ती आढळतात. काही लोक दारे-खिडक्या लावून घरात बसतात, तर काही हाती लागेल त्या काचेतून थेट सूर्याकडे पाहतात. पहिल्यांचा एक दुर्मीळ अनुभव हुकतो. दुसऱ्यांची दृष्टी धोक्यात येते. माझ्या मते, या दोन्ही वृत्तींचे मूळ अज्ञानातच आहे.

२१ जून २०२० रोजी कुरुक्षेत्रावरून मध्यान्हीच्या सुमारास कंकणाकृती ग्रहण दिसले. तेथून शंभर किलोमीटरांच्या आत असलेल्या चंडीगडमध्ये कंकण दिसले नाही. सूर्याची बारीक कोर तेवढी उरली. अशा वेळी ऊन मंदावते, डोळे दिपत नाहीत आणि माणूस बेसावध होतो. परंतु उरलेली कोरही तितकीच प्रखर असते. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही. म्हणून इजा होत असताना ती कळत नाही, काही तासांनंतर दृष्टी अंधूक झाल्यावर कळते.

यावर कोणी म्हणेल, ‘मग घरात बसणेच शहाणपणाचे नव्हे काय?’ हा युक्तिवाद मला पटत नाही. ग्रहणकाळी सूर्यातून निराळे विषारी किरण निघत नाहीत. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी टक लावून पाहणे एरवीही घातकच असते. म्हणून गर्भवतीला उपाशीपोटी कोंडून ठेवण्याला कोणताही शास्त्रीय आधार नाही; उलट अशा उपवासाने तिचे हाल मात्र होतात.

काजळी धरलेली काच, क्ष-किरणाची फिल्म, साधा गॉगल किंवा परातीतील पाण्यातले प्रतिबिंब, यांपैकी काहीही सुरक्षित नाही. प्रमाणित ग्रहणचष्मा किंवा चौदा क्रमांकाची वेल्डिंगची काच वापरावी. तीही नसेल, तर पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडावे, सूर्याकडे पाठ करावी आणि छिद्रातून आलेली सूर्याची प्रतिमा कागदावर पाहावी. या उपायाला खर्च जवळजवळ नाही. झाडाच्या पानांमधून जमिनीवर पडणारे कवडसेही त्या वेळी चंद्रकोरीसारखे होतात.

आपल्याकडे ग्रहणाच्या अभ्यासाची परंपरा आहे. २२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास ग्रहणाचे वेध घेण्यासाठी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नेगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकला होता. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथकही त्यासाठी समुद्र ओलांडून तेथे आले होते. ज्या आकाशासाठी परके इतक्या दूरवरून येतात, त्याकडे आपण पाठ का फिरवावी?

२ ऑगस्ट २०२७ रोजी पश्चिम भारतातील पुष्कळ भागांतून खंडग्रास ग्रहण दिसणार आहे. स्नान-दान ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय आहे. मात्र घरातील मुलांचे डोळे सांभाळणे आणि त्यांचे कुतूहल जागे ठेवणे, ही दोन्ही कर्तव्ये घरातील मोठ्या माणसांचीच आहेत.