कारकुनाचें वळण आणि लग्नाची पत्रिका

मंगलपत्रिका वाचण्यासाठीं असते कीं नुसती न्याहाळण्यासाठीं, असा प्रश्न अलीकडे आम्हांस वारंवार पडतो. इंग्रजी बाजूस वधूवरांचीं नांवें 'स्नेल राउंडहँड' नामक वळणदार टाईपांत, आणि तींहि सगळीं मोठ्या अक्षरांत! या टाईपांतील मोठें अक्षर लहान अक्षरांच्या पुढें एकट्यानें मिरविण्यासाठीं घडविलेलें असतें. दहा नवरदेव एकाच बोहल्यावर उभे केले, तर वधूनें माळ कोणास घालावी?

शिवाय याची 'राजेशाही' म्हणून जी कीर्ति आहे, तीहि टिकणारी नव्हे. चार्ल्स स्नेल हा सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्लंडचा लेखनशिक्षक. व्यापाऱ्यांचे हिशेब व पत्रें भरभर आणि स्वच्छ लिहिलीं जावींत, म्हणून हें वळण त्या काळीं रूढ झालें; म्हणजे हें पेढीवरील कारकुनाचें अक्षर! निरर्थक वेलबुट्टीचा तर स्नेललाच तिटकारा होता. मॅथ्यू कार्टर यांनीं १९६५-६६ च्या सुमारास त्याचा टाईप केला, तो छायाजुळणीसाठीं. शिशाच्या चौकोनी खिळ्यावर तिरपीं, जोडलेलीं अक्षरें बसविणें मोठें कष्टाचें असे.

दोन नांवांपुरतें हें वळण शोभतें, हें आम्ही आनंदानें मान्य करतों. आमचें खरें भांडण पुढें आहे. आतां देवनागरीसहि हाच अंगरखा चढविण्यांत येतो! राउंडहँडचा जाडबारीकपणा टोंकदार, लवचिक टांकावरील दाबानें येतो. देवनागरीचा येतो तो तिरप्या कापलेल्या बोरूच्या कोनानें. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याच्या (स्थापना १८६९) खिळ्यांत बोरूचें तें वळण स्पष्ट दिसतें. तें टाकून अक्षर तिरपें केलें, शिरोरेषा केसाएवढी बारीक किंवा लाटेसारखी केली, म्हणजे काय होतें? 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांतील भेद बव्हंशीं शिरोरेषेच्या खंडावर अवलंबून. ती पुसट झाली कीं घनश्यामाचा धनश्याम व्हावयास वेळ लागत नाहीं. (सासऱ्यांस तो अधिक आवडेल, ही गोष्ट निराळी.)

"सौंदर्यासाठीं एवढें सोसावें," असें कोणी म्हणतील. सोसतो कोण? चाळिशी लावून कार्यालयाचा पत्ता शोधणारा पाहुणा! तेव्हां यजमानांस आमची एवढीच सूचना: पत्रिका छापण्यापूर्वीं तिचें मुद्रित घरांतील आजोबांच्या हातीं द्यावें, आणि तें त्यांच्याकडून मोठ्यानें वाचवून घ्यावें.