फुकट्यांच्या वतीने

'फुकट' या शब्दाची आपण मराठी माणसांनी उगीच बदनामी करून ठेवली आहे. एखाद्याला फुकट्या म्हटले की तो पंगतीतून उठलाच समजा. पण आज मी ज्या फुकट्यांचे वकीलपत्र घेतले आहे ते इंग्लंडातले आहेत, आणि त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांना घरबसल्या मोटारसायकलींची शर्यत बघायची आहे.

मुलगा कॉव्हेंट्रीला नोकरीला असल्याने माझा मुक्काम अधूनमधून तिथे असतो. मूळचे आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळे फटफटीचे वेड निराळे शिकावे लागले नाही. मोटोजीपी, म्हणजे फटफट्यांचे जागतिक अजिंक्यपद, तिकडे २०१३ सालापर्यंत बीबीसीवर दिसे. अगदीच फुकट नव्हे. टीव्ही बघणाऱ्या घराला तेव्हा वर्षाला १४५.५० पौंड परवान्याचे भरावे लागत. पण त्यातच बातम्या, बागकाम, स्वयंपाक आणि वर ही शर्यत. त्या वर्षी वीस वर्षांचा मार्क मार्केझ पहिल्याच हंगामात जगज्जेता झाला. २०१४ पासून शर्यती बीटी स्पोर्ट या वर्गणीच्या वाहिनीवर गेल्या, आणि या पठ्ठ्याने हंगामातल्या पहिल्या दहाच्या दहा शर्यती जिंकल्या! जिलबी यायला आणि पंगत उठवायला एकच गाठ. त्या वाहिनीचे २०२३ साली टीएनटी स्पोर्ट्स असे नवे बारसे झाले. वर्गणी मात्र राहिली.

"मग भरा की वर्गणी," मुलगा म्हणतो. भरीन हो! हौशी माणूस बायकोला चोरून का होईना, भरतोच. आणि वाहिनीवाले त्या पैशात शुक्रवारच्या सरावापासून सगळे दाखवतात. एवढे लाड बीबीसीने कधी पुरवले नव्हते. माझा सवाल निराळा आहे. ही हौस मुळात लागते कुठे? ती काही हप्ते भरून लागत नाही. रविवारी जेवून आडवे पडावे, कळा दाबता दाबता एक माणूस गुडघा जमिनीला घासत वळण घेताना दिसावा, आणि "अगं, लवकर ये, हा मरतोय बघ!" म्हणत उठून बसावे, अशी ती लागते. वर्गणीच्या वाहिनीवर चुकून कोणी जात नाही.

बॅरी शीनचेच घ्या. १९७५ साली अमेरिकेत डेटोनाला तो ताशी पावणेदोनशे मैलांच्या वेगात पडला. मांडी मोडली, हात मोडला, बरगड्या मोडल्या. नेमकी त्याच वेळी थेम्स टेलिव्हिजनची मंडळी त्याच्यावर माहितीपट करीत होती. तो घराघरांत दिसला, आणि सात आठवड्यांत पुन्हा गाडीवर बसलेला हा गडी, ज्यांनी जन्मात सायकलला पंप मारला नाही अशा आजीबाईंनाही नातवासारखा झाला. १९७६ आणि १९७७ साली तो जगज्जेता झाला तेव्हा त्याची ओळख करून द्यावी लागली नाही.

शीनने १९८१ साली स्वीडनची शर्यत जिंकली. त्यानंतर सर्वोच्च गटात ब्रिटिश माणूस जिंकायला पस्तीस वर्षे गेली! २०१६ च्या ऑगस्टमध्ये, चेक देशातल्या ब्रनोला, ओल्या रस्त्यावर कॅल क्रचलोने कडक टायर घातले, आधी पार मागे पडला, आणि रस्ता वाळू लागला तसा एकेकाला गिळत पहिला आला. थेट प्रक्षेपण वर्गणीदारांपुरते. हा क्रचलो जन्माने कॉव्हेंट्रीचा. दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या कॉव्हेंट्रीकर म्हातारबुवांचे अभिनंदन केले, तर ते म्हणाले, "कोण बुवा?" शीनचे नाव काढताच मात्र त्यांनी स्वतःच्या मांडीवर बोट ठेवून कुठे मोडली होती ते दाखवले. आमच्या आजीला क्रिकेटमधले ओ की ठो कळत नसे, पण १९८३ च्या अंतिम सामन्यानंतर कपिलदेव तिला ठाऊक होता. तो दूरदर्शनवर दिसला म्हणून.

ब्रिटिशांना हे कळत नाही असेही नाही. १९९६ च्या प्रसारण कायद्याखाली त्यांची एक यादी आहे. तिच्यातल्या सामन्यांच्या थेट प्रक्षेपणाचे हक्क सर्वांना दिसणाऱ्या वाहिन्यांना देऊ करावेच लागतात. तिथे ऑलिंपिक आहे, विंबल्डनचा अंतिम सामना आहे, झालेच तर डर्बी आणि ग्रँड नॅशनल या घोड्यांच्या शर्यती आहेत. मोटारसायकल शोधून सापडत नाही. एक अश्वशक्ती असली तर ती साऱ्या जनतेची. अडीचशे असल्या की ज्याचा खिसा भरलेला त्याच्या!

माझी मागणी साऱ्या हंगामाची नाहीच. वर्षातली एकच शर्यत, सिल्व्हरस्टोनची, त्या यादीत घाला. आमच्या म्हातारबुवांच्या घरापासून ती तासाभराच्या अंतरावर होते, आणि तीही रविवारी.