उपाय नाही, हे ठरवलं कोणी?

आमच्या समाजात एखाद्या बाईला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, की तो तिच्याखेरीज सगळ्यांना कळतो. मुलाला कळतो, जावयाला कळतो, बस्तीतल्या उपाध्यांना कळतो, पुण्याच्या भाच्याला फोनवर कळतो. तिला सांगतात, "छातीत थोडं पाणी झालंय, आक्का." मग सोप्यात बैठक बसते आणि चहाचे कप खाली ठेवायच्या आत पहिला प्रश्न येतो: ऑपरेशन करायचं का नको?

माझं भांडण ह्या बैठकीशी आहे. प्रश्न बरोबर आहे, पण विचारायची वेळ चुकलेली असते, आणि जिला विचारायचं ती आत स्वयंपाकघरात असते.

मुळात हा प्रश्न विचारण्याआधी तीन गोष्टी हातात लागतात. कॅन्सर कुठल्या जातीचा, किती पसरलाय, आणि रोग्याच्या अंगात दम किती. जात म्हणजे काय, तर फुप्फुसाच्या कॅन्सरचे दोन मोठे प्रकार आहेत. एक 'स्मॉल सेल', तो सुमारे 15 टक्के लोकांत असतो, वेगाने पसरतो, आणि त्याला बहुतेक वेळा केमो आणि रेडिएशनच लागतं (आपल्याकडे बायका 'लाईट देणं' म्हणतात ते). दुसरा 'नॉन स्मॉल सेल', बाकीच्या बहुतेकांना तो असतो. हा पहिल्या-दुसऱ्या स्टेजला सापडला आणि अंगात दम असला, तर कापून काढणं हा बरं होण्याचा सगळ्यात भरवशाचा रस्ता. तिसऱ्या स्टेजला काहींचंच ऑपरेशन होतं, बाकीच्यांना केमो आणि रेडिएशन एकत्र. चौथ्या स्टेजला रोग हाडात, मेंदूत, दुसऱ्या फुप्फुसात गेलेला असतो, तिथे छाती उघडून सहसा काही साधत नाही, औषधांवरच चालायचं. म्हणजे "ऑपरेशन लागतंच का?" ह्याचं उत्तर कुणाला हो, कुणाला नाही. स्कॅन आणि तुकड्याची तपासणी झाल्याशिवाय ते सोप्यात बसून देता येत नाही, मग बसणारा कितीही मोठा जमीनदार असो.

आता 'नको'वाल्यांचं सगळ्यात लाडकं वाक्य घ्या. "चाकू लागला की पसरतो." हे मी लहानपणापासून ऐकते. ते आलं कुठून, हेही कळतं. पूर्वी आतलं दाखवणारे स्कॅन नव्हते. छाती उघडायची आणि मग दिसायचं की रोग सगळीकडे गेलाय. तसंच शिवून परत पाठवायचे. दोन महिन्यांत माणूस गेलं की गाव म्हणायचं, चाकूने मारलं. मारलं रोगाने, उशिराने. पण बोल लागला चाकूला, आणि तिथून सुईलासुद्धा.

सुईची भीती तर चाकूपेक्षा महागात पडते. माझ्या एका नणंदेला खोकला सुरू झाला. एक्सरेत डाग दिसला. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी एका डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू केली, सहा महिने. आपल्याकडे छातीतला डाग म्हणजे टीबी, हा हिशोब इतका मुरलाय की कॅन्सरचे कितीतरी रोगी आधी तो कोर्स करून येतात. खोकला थांबेना तेव्हा सीटी झाला, सुईने तुकडा घ्यायला सांगितलं. घर म्हणालं, नको, पसरेल. अडीच महिने काढा झाला. मग धाप लागली, छातीतलं पाणी काढलं, त्या पाण्यात कॅन्सर सापडला. चौथी स्टेज. पहिल्या एक्सरेतला डाग सुपारीएवढा होता, हे नंतरच्या डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं.

पुढे जे झालं त्यासाठीच मी हे सांगते आहे. त्याच पाण्याची पेशींतल्या बदलासाठी तपासणी झाली. ईजीएफआर नावाचा बदल सापडला. हा बदल आपल्या आशियाई बायकांत, त्यातही कधी विडी-सिगारेट न ओढलेल्यांत, जास्त दिसतो. त्यावर रोज घ्यायची गोळी आहे. गोळी सुरू झाली आणि महिन्याभरात ती जिना चढून गच्चीवर पापड घालायला आली. दोन वर्षं मिळाली तिला. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने अशा 350 रोग्यांवर अभ्यास केला. नुसत्या गेफिटिनिबच्या गोळीवर रोग साधारण 8 महिने थोपला, गोळीबरोबर केमो दिली तेव्हा 16 महिने. पण गोळी लागू पडणार का, हे तुकडा किंवा पाणी तपासल्याशिवाय कळत नाही. सुईला घाबरलात की गोळीही गेली.

दुसऱ्या टोकाला पुण्या-बेंगळुरूची मुलं. आईला वर्षात दोनदा भेटतात आणि एकदम म्हणतात, "पैशाकडे बघू नका, मोठ्यातलं मोठं ऑपरेशन करून टाका." चौथ्या स्टेजला! तेही तिला न विचारताच. आणि पहिल्या स्टेजच्या सत्तरीतल्या बाईला दम कमी असला, तर चार-पाच बैठकींत नेमकं रेडिएशन देऊनही गाठ जाळता येते, हे ह्या मुलांना कुणी सांगायचं? आता ऑपरेशनही पूर्वीसारखं राहिलेलं नाही. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात, डाव्याचे दोन. बहुतेकदा त्यातला एकच काढतात. गाठ कडेला आणि दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर त्याहूनही लहान तुकडा काढून भागतं, असं 2022 आणि 2023 साली आलेल्या दोन मोठ्या अभ्यासांत दिसलं. दुर्बिणीतूनही होतं.

"पण फुप्फुस काढल्यावर माणूस जगतं का?" जगतं की. 1933 साली अमेरिकेत सेंट लुईसला इव्हार्ट्स ग्रॅहम नावाच्या सर्जनने एका डॉक्टर रोग्याचं आख्खं डावं फुप्फुस काढलं. तो रोगी पुढे तीस वर्षं जगला. स्वतः ग्रॅहम, सिगारेट ओढणारे, 1957 साली फुप्फुसाच्याच कॅन्सरने गेले, रोग्याच्या आधी. (आमच्या निपाणी भागात तंबाखूवर घरं उभी राहिली, त्यात श्रावकांचीही आहेत. सूक्ष्म जीवांची हिंसा टाळायला पाणी गाळून पिणाऱ्यांनी वखारीतली धूळ कुणाच्या छातीत जाते, हे कधी मोजलं नाही. पण तो वेगळा लेख होईल.)

आता सगळ्यात नाजूक जागा. "आता धर्मध्यानात राहू दे, कशाला चिरफाड," असं म्हणतात आणि हळूच सल्लेखनेचं नाव काढतात. 2015 च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने सल्लेखना बेकायदा ठरवली तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो. मीही मूक मोर्चात होते, आणि महिनाअखेरीला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली तेव्हा समाधान वाटलं. ते व्रत मला प्राणाइतकं मोलाचं आहे, म्हणूनच त्याचा असा वापर झालेला मला खपत नाही. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात रोगासाठी सल्लेखना सांगितली ती केव्हा? रोगावर प्रतिकारच उरला नसेल तेव्हा. मग मला सांगा, तुकडा तपासला नाही, स्टेज काढली नाही, तर प्रतिकार नाही हे ठरवलं कोणी? जावयाने?

आणि व्रत घेतं कोण? ज्याचा देह, तो. शुद्धीवर, समजून, गुरूंसमोर. आपल्या भोजचे आचार्य शांतिसागर महाराज 1955 साली कुंथलगिरीला सल्लेखनेला बसले ते दृष्टी मंदावली, चालताना जीव वाचवता येईनात म्हणून. निर्णय त्यांचा होता, कारण त्यांना माहीत होतं आणि जगाला सांगितलेलं होतं. जिला आपला रोगच ठाऊक नाही तिने कसली सल्लेखना घ्यायची? तिच्या बाबतीत ती उपेक्षा होते, आणि उपेक्षेला व्रताचं नाव देणं हे पाप आहे. मी हा शब्द विचार करून लिहिते आहे.

माझ्या नणंदेला रोग कळला तो हॉस्पिटलच्या फाटकावरची पाटी वाचून. ती सातवी शिकलेली. घरच्यांना वाटत होतं, तिला कळलेलं नाही.

राहिली रात्रीच्या औषधाची, कॅप्सूलच्या वेष्टणाची अडचण. ती खरी आहे, मी हसत नाही. पण ती डॉक्टरांना विचारायची असते, वेळा बदलता येतात का, गोळी मिळते का. ऑपरेशनच्या आदल्या रात्री उपाशी राहायला तर आमच्या बायकांना शिकवावं लागत नाही.

आणि उपाय खरंच संपतात तेव्हाही करण्यासारखं पुष्कळ असतं. 2010 साली बॉस्टनहून एक अभ्यास आला. पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरचे 151 रोगी. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच दुखणं, धाप, मनाची घालमेल सांभाळणारी शुश्रूषा दिली. त्यांना शेवटी जोरकस उपचार कमी झाले, तरी ती मंडळी जास्त जगली, 11.6 महिने, बाकीची 8.9. दम लागला तर मॉर्फिन मिळतं, हे किती घरांना माहीत आहे?

आपल्याकडे चार दानं सांगितली आहेत: आहार, औषध, शास्त्र, अभय. पंचकल्याणकात हत्तीवर बसायच्या बोलीला लाखांनी आकडा जातो, औषधदान म्हटलं की वर्षातून एकदा डोळे तपासणी शिबिर. आमच्या श्राविका मंडळाच्या सभेत मी मांडलं, की पुढच्या दशलक्षणातल्या बोल्यांमधला एक हिस्सा बाजूला ठेवायचा. ज्या बाईला पैशाअभावी पेशींची तपासणी करता येत नाही तिला तो द्यायचा, मिरज-बेंगळुरूच्या गाडीभाड्यासकट. अट एकच, अर्जावर सही त्या बाईची, आजाराचं नाव वाचून.

पैशाबद्दल कुणी काही बोललं नाही. सहीच्या अटीवर तासभर वाद झाला.