कशेडीत केबल तुटली, हे नियंत्रण कक्षाला कसं कळतं?

कशेडी घाटाला दरडी नवीन नाहीत. 22 जुलै 2021 च्या अतिवृष्टीत महाड परिसराचा संपर्कच तुटला; तळिये गावावर दरड कोसळल्याची बातमी बाहेर यायलाही वेळ लागला. अशा भागात ऑप्टिकल केबल तुटली, तर ते कळतं कसं?

भारतनेटच्या मूळ रचनेत तालुक्याच्या ठिकाणी ओएलटी आणि ग्रामपंचायतीत ओएनटी हे यंत्र असतं. त्यांच्यातला संवाद थराथरांत चालतो. सर्वांत खाली प्रकाश: 1490 नॅनोमीटरवर गावाकडे, 1310 वर परत. त्यावर डेटा. त्याच मार्गाने 'ओएमसीआय' हा प्रोटोकॉल यंत्राच्या सेटिंग आणि बिघाडाच्या सूचना नेतो. ओएलटी त्या नियंत्रण कक्षाच्या सॉफ्टवेअरला कळवतं.

वीज गेली की केबल तुटली?

वीज गेली, तर ओएनटी बंद पडता पडता 'डाईंग गॅस्प' हा शेवटचा संदेश पाठवतं. केबल तुटली, तर तोही येत नाही. कुठलं पथक पाठवायचं, हे यावरून ठरवता येतं.

अडचण कुठे आहे?

बिघाडाची खबर त्याच केबलमधून येते. तालुक्याची मुख्य केबलच तुटली, तर पलीकडची यंत्रं चालू आहेत की बंद, हेही दिसत नाही. केंद्राने ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर केलेल्या 1,39,579 कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेटमध्ये रिंग रचना आहे, म्हणजे दुसऱ्या बाजूनेही वाट. मात्र दोन्ही वाटा एकाच घाटरस्त्याच्या कडेने गेल्या, तर एकच दरड दोन्ही तोडू शकते.